लोहन्यूनताजन्य रक्तक्षय आणि पचनमार्गाचा कर्करोग

लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय हे काही रुग्णांमध्ये मोठ्या आतड्याच्या किंवा जठराच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असते. गाठीतून दीर्घकाळ थोडे थोडे रक्त झिरपते. ते डोळ्यांना दिसत नाही, परंतु शरीरातील लोहाचा साठा संपत जातो. त्यामुळे लोहाच्या गोळ्या देण्याबरोबरच रक्तस्रावाचे मूळ शोधणे आवश्यक मानले जाते.

कारणे

मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाची पोकळी रुंद असते आणि तेथील मल पातळ असतो. त्यामुळे या भागातील गाठीने मलमार्गात अडथळा उशिरा येतो व रक्त मलात मिसळून जाते. मात्र बहुसंख्य रुग्णांना कर्करोग नसतो. मासिक पाळीतील अतिरक्तस्राव, अपुरा आहार, जठरातील व्रण, ॲस्पिरिनसारखी औषधे, सीलिॲक रोग व अंकुशकृमी हीदेखील या रक्तक्षयाची कारणे आहेत.

निदान

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषांत प्रति डेसिलिटर १३ ग्रॅमपेक्षा आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो. शरीरात दाह असल्यास फेरिटिन वाढते; म्हणून ते सामान्य आढळले तरी लोहन्यूनता नाही असे ठरत नाही.

जोखमीचे मूल्यमापन

वाढते वय, पुरुष लिंग, कमी हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशींचे लहान सरासरी आकारमान यांमुळे कर्करोगाची शक्यता वाढते. ब्रिटनमध्ये विकसित झालेले ‘आयडिओम’ हे प्रारूप याच चार घटकांवर आधारलेले आहे. ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुरुष व रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये नव्याने लोहन्यूनताजन्य रक्तक्षय आढळल्यास जठर आणि मोठे आतडे या दोन्हींची दुर्बिणीद्वारे तपासणी करावी. तरुण स्त्रियांबाबत निर्णय वैयक्तिक परिस्थितीनुसार घेतला जातो.

मलातील मानवी हिमोग्लोबिन मोजणाऱ्या चाचणीला ‘फिट’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी कोणाला पुढे पाठवावे, हे ठरविताना ब्रिटनमध्ये प्रति ग्रॅम मलात १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा वापरतात. जठरातील रक्त आतड्यात येईपर्यंत बरेचसे पचते. त्यामुळे ही चाचणी जठराच्या कर्करोगासाठी उपयुक्त नाही.

गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढले, तरी त्यावरून कर्करोग नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

भारतातील संदर्भ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ नुसार (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया व २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त होते. स्त्रियांमध्ये हा आजार इतका सर्रास असल्याने त्याचे कारण आहारातच आहे असे गृहीत धरले जाण्याचा संभव असतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया आणि कोणत्याही वयाचे पुरुष यांच्या बाबतीत असे गृहीत धरल्यास कर्करोगाचे निदान लांबू शकते.