ऐतिहासिक लष्करी विमानांचे छायाचित्रण

ऐतिहासिक लष्करी विमानांचे छायाचित्रण हा सेवेतून निवृत्त झालेल्या लढाऊ, बॉम्बफेकी, मालवाहू व प्रशिक्षण विमानांची छायाचित्रे टिपण्याचा आणि त्यांची नोंद ठेवण्याचा छंद आहे. विमानातून जमिनीची छायाचित्रे घेणाऱ्या हवाई छायाचित्रणाहून तो वेगळा आहे. संग्रहालयांत ठेवलेली विमाने आणि हवाई प्रदर्शनांत उडणारी विमाने हे त्याचे दोन मुख्य विषय होत. उड्डाणक्षम जुनी विमाने मोजकीच उरली असल्याने अशा छायाचित्रांना दस्तऐवजाचे मूल्य असते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक लष्करी विमाने भंगारात काढली गेली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने १९५७ मध्ये काही विमाने उड्डाणक्षम ठेवण्यासाठी एक तुकडी स्थापन केली. तीच आज ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमधील डक्सफर्ड व ओल्ड वॉर्डन आणि अमेरिकेतील ऑशकॉश येथील हवाई प्रदर्शने छायाचित्रकारांची प्रमुख केंद्रे आहेत. या क्षेत्रातील आद्य छायाचित्रकारांपैकी चार्ल्स ब्राउन (१८९६–१९८२) यांचा संग्रह लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाकडे आहे.

तंत्र

प्रोपेलरच्या विमानाचे छायाचित्र घेताना शटरचा वेग निर्णायक ठरतो. प्रोपेलर मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर तो सेकंदाला २५ वेळा फिरतो. १/१००० सेकंदाच्या शटरवेगात तो केवळ ९ अंश सरकतो. त्यामुळे पाती गोठल्यासारखी दिसतात आणि इंजिन बंद पडल्याचा भास होतो. १/१०० सेकंदात तो ९० अंश फिरतो व गतीचा धूसर ठसा उमटतो. तीन पात्यांचे पूर्ण वर्तुळ दिसण्यासाठी किमान १२० अंशांची फिरत, म्हणजे सुमारे १/७५ सेकंदाचा शटरवेग लागतो. इतक्या मंद शटरवेगात विमान स्पष्ट यावे म्हणून कॅमेरा त्याच्या गतीने वळवत न्यावा लागतो. या पद्धतीला ‘पॅनिंग’ म्हणतात. त्यात बरीचशी छायाचित्रे वाया जातात. जेट विमानांना ही अडचण नसल्याने त्यांच्यासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटरवेग वापरता येतो.

दूरच्या विमानांसाठी लांब नाभीय अंतराची भिंगे वापरतात. दुपारच्या उन्हात धावपट्टीवरून उठणाऱ्या उष्ण हवेमुळे प्रतिमा थरथरते. हा दोष महागड्या भिंगानेही दूर होत नाही. त्यामुळे सकाळची किंवा सायंकाळची वेळ पसंत केली जाते. मोबाइलचा कॅमेरा सहसा दृश्य ओळीओळीने टिपत असल्याने त्यात प्रोपेलरची पाती वाकडी दिसू शकतात.

नोंदींचे महत्त्व

जतन केलेल्या विमानांची रंगसंगती व सांकेतिक अक्षरे वेळोवेळी बदलली जातात. एकच स्पिटफायर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या तुकड्यांच्या चिन्हांसह दिसू शकते. म्हणून अनुभवी छायाचित्रकार प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, स्थळ आणि विमानाचा मूळ क्रमांक नोंदवतात. या नोंदींशिवाय छायाचित्र देखणे असले, तरी पुरावा म्हणून दुबळे ठरते.

ऐतिहासिक विमाने उडवावीत की संग्रहालयातच जपावीत, याबाबत मतभेद आहेत. १९९६ मध्ये मँचेस्टरजवळ जगातील तत्कालीन एकमेव उड्डाणक्षम मॉस्किटो विमान कोसळले व त्यातील दोघांचाही मृत्यू झाला. त्यानंतर २०१२ मध्ये न्यू झीलंडमध्ये दुसरे मॉस्किटो आकाशात झेपावेपर्यंत या प्रकारचे उड्डाण केवळ छायाचित्रे व चित्रफितींतूनच पाहता येत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील प्रदर्शनात बी-१७ व पी-६३ ही विमाने एकमेकांवर आदळून सहा जण मरण पावले. तेव्हा तपासयंत्रणेने प्रेक्षकांना त्यांच्याकडील छायाचित्रे व चित्रफिती देण्याचे आवाहन केले होते.

भारतातील स्थिती

दिल्लीतील पालम येथील हवाई दल संग्रहालयात वापिटी, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर व लिबरेटर ही विमाने आहेत. भारतीय हवाई दलाने १९६८ पर्यंत लिबरेटर वापरले. परदेशांतील काही संग्रहालयांमधील लिबरेटर विमाने भारतातूनच गेलेली आहेत. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळील नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे व सुपर कॉन्स्टेलेशन ही विमाने उघड्यावर ठेवलेली असल्याने ती नैसर्गिक प्रकाशात टिपता येतात. उड्डाणक्षम विमानांमध्ये ‘परशुराम’ हे डकोटा उल्लेखनीय असून ते २०१८ मध्ये भारतात आणले गेले. १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य पोहोचवणाऱ्या डकोटाच्या स्मरणार्थ त्याला व्हीपी ९०५ हा क्रमांक देण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्याने तेही आता या छंदाच्या कक्षेत आले आहे.

कायदेशीर मर्यादा

विमान जुने असले, तरी ते उभे असलेला तळ कार्यरत असू शकतो. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथील हवाई तळावर १२ ब्रिटिश व २ डच विमाननिरीक्षकांना अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले, परंतु त्याच वर्षी अपिलात त्यांची सुटका झाली. त्यांच्यावरील संशयाला विमानांचे क्रमांक टिपलेल्या वह्याही कारणीभूत ठरल्या होत्या. भारतात संरक्षण आस्थापनांना शासकीय गुपिते कायदा, १९२३ लागू होतो. त्यामुळे हवाई तळांच्या परिसरात छायाचित्रणापूर्वी परवानगी घेणे आवश्यक असते. संग्रहालयांतही कॅमेऱ्याबाबतचे नियम निरनिराळे असतात.