कण्णगीने फोडलेलं पैंजण

लग्न होऊन मी चेन्नईला आले तेव्हा सासूबाईंनी कण्णगीची ओळख 'पतिव्रता' अशी करून दिली. मला मात्र ती आवडते तिने राजाला जाब विचारला म्हणून.

'शिलप्पदिकारम्' हे इळंगो अडिगळ यांच्या नावावरचं तमिळ महाकाव्य. त्यातली कण्णगी पुहार बंदरातल्या व्यापारी घराण्यातली. नवरा कोवलन माधवी नावाच्या नर्तकीपायी कफल्लक होऊन परततो, तरी ती चकार शब्द काढत नाही. विकायला पायातलं पैंजण काढून देते. मदुरेत राजाच्या सोनाराने राणीचं पैंजण आधीच लांबवलेलं असतं. तो आळ कोवलनवर ढकलतो आणि राजा धड चौकशीही न करता त्याला मारायला लावतो.

इतकी वर्षं निमूट राहिलेली बाई तिथे पेटते. जोडीतलं उरलेलं पैंजण हातात घेऊन, मोकळ्या केसांनी ती दरबारात शिरते. राणीच्या पैंजणात मोती आहेत, असं राजाच सांगतो. आपल्या पैंजणात माणकं आहेत, हे ती आधीच बोललेली असते. मग जप्त केलेलं पैंजण मागवून ती फोडते. आतलं माणिक उडून थेट राजाच्या तोंडावर आदळतं. आपला न्याय चुकला हे कळून राजा जागीच प्राण सोडतो. एवढं झाल्यावर ती आपला डावा स्तन उपटून नगरावर भिरकावते आणि मदुरा जळते. तेव्हाही म्हातारे, मुलं, गाई, सज्जन यांना हात लावायचा नाही, असं ती अग्नीला बजावते. दुःखाने अंगात एवढं बळ आलेलं असताना तिने आधी पुरावा मांडला, याचं मोल मला फार वाटतं.

पुढे ती देवी झाली. श्रीलंकेत सिंहली बौद्ध तिला पत्तिनी म्हणून पुजतात, तिथले तमिळ कण्णगी अम्मन म्हणून. इकडे उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ताडपत्रं धुंडाळून, पाठ ताडून 1892 साली काव्य छापलं. 1968च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी मरीना किनाऱ्यावर तिचा पुतळा उभा राहिला, हातात पैंजण उंचावलेला. डिसेंबर 2001मध्ये तो हलवला तेव्हा मोठा गदारोळ झाला. 2006मध्ये तो पुन्हा किनाऱ्यावर आला.

केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर, पेरियारच्या जंगलात तिचं मंगलादेवीचं पडझड झालेलं दगडी देऊळ आहे. वर्षातून एकदाच, चैत्री पौर्णिमेला, ते भाविकांना खुलं होतं. कुमळीहून जीप भरभरून दोन्ही राज्यांची माणसं वर चढतात. देऊळ नेमकं कुणाच्या हद्दीत, यावर मात्र दोन्ही सरकारं कित्येक वर्षं भांडत आली आहेत.