खिशातला फोन आणि परक्या गावचं बिल

ऑफिसातला एक ज्युनियर पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच ऑनसाइटला चाललाय, म्युनिकला. परवा चहाच्या वेळी व्हिसा, थर्मल, थालिपीठाची भाजणी वगैरे सगळं बोलून झालं आणि मग त्याने विचारलं, "रोमिंगचं काय करू रे?"

"इथलं सिम चालू ठेव, त्याचं डेटा रोमिंग बंद कर, इंटरनेटसाठी तिकडचं ई-सिम घे," असं एका दमात सांगून मी मोकळा झालो. जागेवर येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की हे एक वाक्य तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर...

तेव्हा म्हणजे २००८ साली. शहर हेच. नवा कोरा स्मार्टफोन, त्यात इथलं पोस्टपेड सिम. फोन कानाला लावला असेन दोन-तीनदा. पण तो पठ्ठ्या दर १५ मिनिटांनी आपणहून मेल बघत होता, आणि हे मला माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्याचं बिल आलं २२ हजार रुपये. कस्टमर केअरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, "सर, डेटा यूसेज आपल्याच हँडसेटवरून झालेला आहे." तेही खरंच होतं म्हणा. मी घाबरून सिम काढलं आणि फोन बॅगेच्या तळाशी टाकला. नवीन सिम घ्यायचं तर जर्मन फॉर्म, पत्त्याचा पुरावा... सहाच आठवडे उरलेत, कशाला, असं म्हणून टाळलं. रविवारी कॉलिंग कार्ड घेऊन घरी बोलायचो. त्या सहा आठवड्यांत आजी गेली. बाबा रात्रभर फोन लावत होते. मला कळलं दुसऱ्या दिवशी, ऑफिसात मेल उघडल्यावर.

असो. त्या २२ हजारांची गोष्ट सांगायची होती. म्हणजे ते पैसे नेमके कशाचे होते?

पहिली गोष्ट, तंत्रज्ञानाचा यात काही दोष नाही. उलट रोमिंग हा फार सुरेख इंजिनियरिंगचा नमुना आहे. उत्तर युरोपातल्या देशांनी १९८१ साली सुरू केलेल्या एनएमटी या जाळ्यातच एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालवायची सोय होती. पुढे ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये १३ देशांतल्या १५ कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या आणि जीएसएमचा पाया घातला गेला. सगळ्या युरोपात एकच फोन चालावा हा तर त्यामागचा मुख्य हेतू! १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी जीएसएमवरचा पहिला कॉल केला आणि १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला.

हे चालतं कसं, ते थोडक्यात. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) तुमच्या सिममध्ये एक लांबलचक नंबर असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, आपले ४०४ किंवा ४०५. म्युनिकला उतरून फोन चालू केला की तिथला टॉवर तो नंबर वाचतो आणि ओळखतो, की हा पाहुणा भारतातला. मग तिथली कंपनी आपल्या घरच्या कंपनीच्या होम लोकेशन रजिस्टरला विचारते, "हा तुमचाच ना? याला आत घेऊ ना?" घरून होकार आला की पाहुण्यांच्या वहीत आपलं नाव चढतं. काही सेकंदांचा मामला. खेड्यातल्या चावडीवर "कुणाकडचा रे तू?" असं विचारायचे, त्याचीच ही सुधारून वाढवलेली आवृत्ती.

घोळ होतो तो यानंतर. पाहुण्याने काय काय वापरलं त्याची नोंद यजमान कंपनी एका ठराविक साच्याच्या फाइलमध्ये भरते, त्याला टॅप फाइल म्हणतात. ती फाइल घरच्या कंपनीकडे येते आणि घरची कंपनी तेवढे पैसे यजमानाला देते. हा दोन कंपन्यांमधला घाऊक दर. त्यावर घरची कंपनी आपला नफा चढवते आणि ते सगळं आपल्या बिलात येतं. सुरुवातीच्या वर्षांत हा घाऊक दर म्हणजे यजमानाचा नेहमीचा स्थानिक दर अधिक १५ टक्के, असा सरळ हिशोब होता. १९९८ च्या सुमारास ती पद्धत गेली आणि प्रत्येक कंपनी परक्यांसाठी वेगळं दरपत्रक काढू लागली. आणि इथून भाव चढले.

आता प्रश्न असा, की एवढ्या कंपन्या असताना स्पर्धेने भाव पडले का नाहीत? मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मजेशीर भाग हाच वाटतो. समजा जर्मनीतल्या एका कंपनीने परक्यांसाठी दर निम्मा केला. तिला काय मिळणार? पाहुण्याचा फोन तर ज्याचा टॉवर आधी आणि जोरात सापडेल त्याला जाऊन चिकटणार. दर कमी केल्याने एकही जास्तीचा पाहुणा यायचा नाही. पुढे घरच्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना ठराविक यजमानाकडे वळवायची युक्ती शोधली, आपसात सवलतीही मिळवल्या, पण त्या ग्राहकापर्यंत पोचल्याच पाहिजेत असं बंधन कुणावर होतं? रोमिंगचा दर बघून सिम घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. वर प्रत्येक देशाच्या नियामकाचीही अडचण होती. त्याने आपल्या देशातल्या कंपनीचा घाऊक दर खाली आणला तर फायदा कोणाचा, तर परदेशी ग्राहकाचा. आणि आपल्या माणसाला लुटणारी कंपनी सीमेपलीकडे, त्याच्या अधिकाराबाहेर. थोडक्यात, बिल भरणाऱ्याला भाव ठरवण्यात कुठेच जागा नव्हती.

कॉलचाही असाच प्रकार. आपला पुण्याचा नंबर घेऊन दोन मित्र लंडनच्या एकाच रस्त्यावर उभे आहेत. एकाने दुसऱ्याला फोन केला तर तो कॉल लंडनहून भारतात जाणार आणि परत लंडनला येणार. करणाऱ्याला आंतरराष्ट्रीय कॉलचा भुर्दंड आणि घेणाऱ्यालाही! ज्यांना व्हॉइसमेल होतं त्यांची तर आणखी गंमत. परदेशात फोन वाजला, उचलला नाही, तर कॉल उलट्या पावली घरच्या व्हॉइसमेलकडे जायचा. न उचललेल्या फोनचे दोन आंतरराष्ट्रीय फेरे.

तरी जुन्या फोनमध्ये एक बरं होतं. बटण दाबल्याशिवाय पैसे जायचे नाहीत. २००७ नंतर स्मार्टफोन आले आणि फोन मालकाला न विचारता खर्च करायला लागला. मेल, नकाशे, हवामान, अपडेट... युरोपियन कमिशन २००९ साली एका जर्मन माणसाचं उदाहरण द्यायचं. त्याने फ्रान्समध्ये असताना एक टीव्ही कार्यक्रम डाउनलोड केला आणि बिल आलं ४६ हजार युरोचं. माझे २२ हजार रुपये म्हणजे चिल्लरच.

हे मोडून काढलं ते कायद्याने. लक्झेंबर्गच्या विवियान रेडिंग तेव्हा युरोपियन कमिशनमध्ये दूरसंचार खातं सांभाळत होत्या. (लक्झेंबर्ग एवढंसं, की जरा लांब फिरायला गेलं तरी रोमिंग लागावं. त्यांना हा विषय का झोंबला असेल ते समजू शकतं.) कमिशनने आधी २००५ मध्ये सगळ्या कंपन्यांचे दर जाहीर करून पाहिले, म्हटलं लाज वाटून तरी कमी करतील. कसलं काय. शेवटी २००७ मध्ये नियम आला: युरोपियन युनियनमध्ये रोमिंगवर कॉल केला तर मिनिटाला जास्तीत जास्त ४९ सेंट, घेतला तर २४ सेंट, कर वेगळा. कंपन्या कोर्टात गेल्या. युरोपला असे किरकोळ दर ठरवायचा अधिकारच नाही, हा मुद्दा. व्होडाफोन, ओटू, टी-मोबाइल, ऑरेंज सगळे एका बाजूला. ८ जून २०१० रोजी युरोपच्या न्यायालयाने नियम वैध ठरवला.

पण माझ्या मते खरा महत्त्वाचा नियम त्यानंतर तीनच आठवड्यांनी लागू झाला. १ जुलै २०१० पासून डेटा रोमिंगचं बिल ५० युरोला पोचलं की, ग्राहकाने वेगळं काही सांगितलं नसेल तर, कंपनीने कनेक्शन तोडायचं. आणि ८० टक्क्यांना आधी सूचना द्यायची. किती साधी गोष्ट! कोडमध्ये बघाल तर एक इफ कंडिशन. पण तीसुद्धा कायदा करून टाकून घ्यावी लागली.

पुढचं भराभर झालं. १५ जून २०१७ पासून युनियनमध्ये घरच्याच दराने रोमिंग, आणि २०२२ च्या नियमाने ती सोय २०३२ पर्यंत वाढवली. आकडे बघा: २००९ मध्ये कंपन्यांमधल्या घाऊक डेटादरावर पहिली मर्यादा आली ती एका एमबीला १ युरो. २०२७ साठी ठरलेली मर्यादा एका जीबीला १ युरो. तारा, टॉवर स्वस्त झाले हे खरंच, पण तेवढ्याने हे झालं असतं का? ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं, नियमाचं बंधन सुटलं आणि २०२२ मध्ये तिथल्या व्होडाफोन आणि ईई या दोघांनी युरोपातल्या रोमिंगसाठी रोजचं शुल्क पुन्हा लावलं. टॉवर तेच, केबल त्याच.

आपल्याकडे तर परदेशी जायचीही गरज नव्हती. मोबाइलसाठी देशाचे तुकडे पाडलेले, त्यांना सर्कल म्हणायचं. त्यात मुंबई वेगळं सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा वेगळं. म्हणजे पुण्याच्या फोनला पणजी घरची आणि दादर परकं! घाट उतरून मुंबईकडे निघालं की एसएमएस यायचा, आणि मग "पोचल्यावर मिस्ड कॉल देतो, उचलू नका" हे ठरलेलं. ट्रायने १ मे २०१५ पासून रोमिंगच्या दरांची मर्यादा खाली आणली, येणाऱ्या कॉलला मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैसे. पण इथे मात्र शेवटचा घाव कायद्याचा नाही, बाजाराचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते देशभर रोमिंग फुकट म्हणूनच, आणि १ एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही ते काढून टाकलं. फरक एवढाच, की देशातल्या देशात ग्राहक कंपनी सोडून जाऊ शकत होता.

भारतातून युरोपात जाणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. युनियनचे नियम युनियनमधल्या सिमचे. आपल्याला वाचवलं ते ई-सिमने, कारण यजमान निवडायची सोय पहिल्यांदाच आपल्या हातात आली. इंटरनेट तिकडच्या सिमवर, आणि बँकेचे ओटीपी यायला घरचं सिम नुसतं जागं. येणाऱ्या एसएमएसला बहुतेकदा पैसे पडत नाहीत, पण निघण्याआधी आपल्या कंपनीचा दर बघून घ्यावा. येणारा कॉल मात्र पॅक नसेल तर अजूनही लागतो. तो कट करून व्हॉट्सअ‍ॅपवरून परत करायचा.

एवढं सगळं मी काल त्या ज्युनियरला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण वीकेंडला ट्रेनने झुरिकला जायचंय." ती गाडी जर्मनीतून निघते, ऑस्ट्रियाचा एक कोपरा कापते आणि स्वित्झर्लंडमध्ये शिरते. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. त्याला म्हटलं, ई-सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे का बघ, नसेल तर ब्रेगेंझ स्टेशन गेलं की डेटा बंद. आणि फोन बॅगेत टाकू नकोस, घरच्यांना लागू दे.