देह ठेवणारे भिक्षू



काही दिवसांपूर्वी मधल्या सुट्टीत वर्गातील एका विद्यार्थ्याने जपानी चित्रकथेचे एक पुस्तक माझ्यापुढे उघडून धरले. चित्रात वाळून कोळ झालेला एक बौद्ध भिक्षू पद्मासन घालून बसला होता. डोळ्यांच्या खाचा, हाडांना चिकटलेली काळी कातडी आणि अंगावर मात्र झगझगीत वस्त्रे! कथेत तो मंत्रसामर्थ्याने शत्रूंचा संहार करीत होता. मुलाने विचारले, “सर, असे भिक्षू खरेच होते का?” होते, आणि त्यांचे देह आजही आहेत, असे मी म्हणालो तेव्हा त्याचा विश्वास बसेना. त्याला त्या दिवशी जे पुरतेपणी सांगता आले नाही, ते आज आपणांपुढे मांडीत आहे.

जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्य भागात यामागाता नावाचा प्रांत आहे. तेथे हागुरो, गासान आणि युदोनो हे तीन पर्वत फार पवित्र मानले जातात. यांपैकी युदोनो पर्वताच्या परिसरातील देवळांत काही भिक्षूंचे देह काचेआड बसविलेले आहेत. जपानी भाषेत त्यांना ‘सोकुशिनबुत्सु’ म्हणतात. याच देहाने बुद्धपदाला पोहोचलेला, असा त्या शब्दाचा भाव आहे. इजिप्तमधील राजांची प्रेते मरणानंतर इतरांनी मसाले भरून टिकविली. येथे मात्र माणूस जिवंतपणीच, वर्षानुवर्षे, आपला देह टिकण्याची तयारी स्वतः करीत असे.

या कल्पनेचे मूळ शिंगोन पंथात आहे. ‘शिंगोन’ हे ‘मंत्र’ या आपल्या शब्दाचेच भाषांतर होय. या पंथाचा संस्थापक कूकाई इ. स. ८०४ मध्ये चीनला गेला, तेथे भारतातून आलेली तांत्रिक बौद्ध परंपरा शिकला आणि ८०६ मध्ये स्वदेशी परतला. त्याने आणलेली सिद्धम् नावाची भारतीय लिपी शिंगोन देवळांतील शिळांवर आजही दिसते. ८३५ मध्ये कोया पर्वतावर त्याचा अंत झाला. परंतु तो मेला नसून समाधीत बसला आहे, अशी त्याच्या अनुयायांची श्रद्धा आहे. त्याच्या समाधीस्थानी आजही दररोज दोन वेळा भोजनाचे ताट नेले जाते. ज्या भाविकांनी आळंदीला ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीपुढे हात जोडले आहेत, त्यांना ही श्रद्धा समजावून सांगण्याची गरज नाही.

युदोनोचे तपस्वी स्वतःला या कूकाईचे वारस समजत. ‘काई’ म्हणजे समुद्र. गुरूच्या नावातील हे अक्षर ते आपल्या नावाच्या शेवटी लावीत. शिन्न्योकाई, तेत्सुमोनकाई, बुक्काई ही नावे त्यातूनच झाली.

त्यांची साधना ऐकून अंगावर काटा येतो. तपस्वी प्रथम धान्य सोडी. भात, गहू, डाळी यांतील काहीच खायचे नाही. अरण्यातील कवचीची फळे, मुळे, झाडांच्या साली आणि पाईन वृक्षाची पाने एवढ्यावरच राहायचे. या व्रताला ‘वृक्षाहार’ असे नाव होते आणि त्याचा अवधी हजार हजार दिवसांनी मोजला जाई. जोडीला हिवाळ्यातील बर्फासारख्या पाण्यात स्नान आणि अखंड मंत्रजप असे. अशा आहाराने अंगातील चरबी झडते, ओलावा कमी होतो आणि देह कुजण्याचा संभव घटतो. शेवटी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, तपस्वी जमिनीखालील दगडी कोठडीत बसे. श्वासासाठी बांबूची नळी आणि हाती घंटा एवढेच त्याच्यापाशी असे. घंटा थांबली की कोठडी बंद केली जाई आणि तीन वर्षे तीन महिन्यांनी ती उघडून देह बाहेर काढला जाई. जपानची हवा दमट. त्यामुळे पुढे धुरी देऊन व मेणबत्त्यांच्या उबेत तो वाळवावाही लागे.

हे सारे कशासाठी? इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेच थांबून विचार केला पाहिजे. हे भिक्षू मोठ्या मठांचे पंडित नव्हते. देवळाच्या व्यवस्थेत ते खालच्या पायरीवरचे ‘आजन्म तपस्वी’ होते. कित्येक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घरांतून आलेले. आणि त्यांचा काळ हा त्या प्रदेशाच्या उपासमारीचा काळ होता. दाइनिचिबो देवळातील शिन्न्योकाई १७८३ मध्ये, देवळाच्या परंपरेप्रमाणे वयाच्या ९६ व्या वर्षी, समाधिस्थ झाला. त्याच वर्षी असामा ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला आणि आदल्या वर्षी सुरू झालेला तेन्मेई दुष्काळ अधिकच दारुण झाला. ईशान्य जपानमध्ये माणसे गावेच्या गावे मेली. जेथे धान्याचा दाणा मिळत नव्हता, तेथे एक म्हातारा आपण होऊन धान्य सोडून बसला होता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे गावकऱ्यांनी त्याचा देह का जपला याचा उलगडा होतो. लोकांचे दुःख त्याने आपल्या अंगावर घेतले, अशी त्यांची भावना होती.

चुरेनजी देवळातील तेत्सुमोनकाईची कथा आणखी बोलकी आहे. तो त्सुरुओका गावचा मजूर. हातून मनुष्यहत्या घडल्यावर त्याने देवळाचा आश्रय घेतला, असे सांगतात. पुढे एदो नगरीत, म्हणजे आजच्या तोक्योत, डोळ्यांची साथ पसरली असता लोकांची दृष्टी वाचावी म्हणून त्याने आपला डावा डोळा काढून देवाला वाहिला, अशीही आख्यायिका आहे. पण आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट उरते. त्सुरुओकाहून कामो बंदराकडे जाणारी चढणीची वाट अतिशय बिकट होती. ती सुधारून रस्ता करण्याच्या कामात या भिक्षूने पुढाकार घेतला. १८२९ मध्ये त्याने देह ठेवला.

मेइजी राजवट १८६८ मध्ये आली आणि चित्र पालटले. नव्या सरकारने बौद्ध व शिंतो धर्मस्थाने वेगळी केली, १८७२ मध्ये पर्वतावरील तपस्व्यांच्या संप्रदायावर बंदी घातली आणि कबर उघडणे हा गुन्हा ठरविला. तरीही तेत्सुर्यूकाई नावाच्या तपस्व्याचा देह शिष्यांनी गुपचूप बाहेर काढला. विसाव्या शतकातील तपासणीत त्याचे पोट चिरून, चुना भरून, पुन्हा शिवलेले आढळले. बुक्काई १९०३ मध्ये वारला. पण कायद्याच्या भयाने त्याची कबर तीन वर्षांनी कोणी उघडली नाही. ती १९६१ मध्ये विद्वानांनी उघडली, तेव्हा बराचसा सांगाडाच हाती लागला.

गोव्यातील श्रोत्यांना येथे जुने गोवे आठवले असेल. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला जपानच्या कागोशिमा बंदरी उतरले. देवासाठी त्यांनी प्रथम ‘दाइनिची’ हे नाव वापरले. ते तर शिंगोन पंथाच्या महावैरोचन बुद्धाचे नाव! भिक्षूंना हा आपलाच कोणी पंथबंधू वाटला. चूक उमगताच झेवियरांनी ते नाव टाकले. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ त्यांना मरण आले, तेव्हा मांस झडून अस्थी नेता याव्यात म्हणून प्रेतावर चुना घातला होता. तरी देह टिकला आणि १५५४ मध्ये गोव्यास आला. तेत्सुर्यूकाईच्या शिष्यांनी देह टिकावा म्हणून चुना भरला, झेवियरांच्या सोबत्यांनी तो झडावा म्हणून घातला. भेद एवढाच नाही. त्या भिक्षूंनी देह मागे राहावा यासाठी आयुष्य वेचले. झेवियरांच्या मनात तसा हेतू नव्हता. परंतु दोन्हीकडे देवळाच्या दारातून आत येणारा माणूस एकच आहे. आपल्यासाठी झिजलेला कोणीतरी आपल्याला सोडून गेला नाही, एवढा दिलासा त्याला हवा असतो.

उपाशी राहून मरणे हा आदर्श म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवणार नाही. कोणत्याही सरकारला तशा मरणाकडे डोळेझाक करता येणार नाही. तथापि, त्या भिक्षूला राक्षस करून टाकणारी चित्रकथाही त्याच्यावर अन्याय करते. दाइनिचिबो देवळात दर सहा वर्षांनी शिन्न्योकाईची वस्त्रे बदलतात आणि जुन्या वस्त्राचे लहान लहान तुकडे ताईत म्हणून भाविकांना दिले जातात. देह काचेआड राहतो, वस्त्र घरोघर जाते.

आपण मराठीत ‘त्यांनी देह ठेवला’ असे म्हणतो, तेव्हा देह सोडला असा अर्थ मनात असतो. युदोनोच्या भिक्षूंनी तो शब्दशः ठेवला, गावाजवळ अनामत ठेवावा तसा. त्या विद्यार्थ्याला मी इतकेच सांगणार आहे की, तेत्सुमोनकाईचे नाव आठवशील तेव्हा त्याच्या वाळलेल्या चेहऱ्याबरोबर कामोच्या चढणीवरचा तो रस्ताही आठव. तो त्याने जित्याजागत्या माणसांच्या पायांसाठी केला होता.