दातांची कवळी : एका मापाची गोष्ट

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा मालांत राज्ये, संत आणि तत्त्वज्ञान यांची चर्चा होत आली आहे. त्या पंक्तीत कवळीचा इतिहास आणून बसवला, तर श्रोत्यांना हसू येणार हे आम्ही जाणतो. पण ज्यांचे दात गेले आहेत ते हसतानाही तोंडावर हात धरतात, हे विसरून चालणार नाही. भाकरी दुधात कुस्करावी लागते, पंगतीत बसण्याचा संकोच वाटतो, बोललेले नातवंडांना कळत नाही. माणूस हळूहळू घरातल्या घरात एकटा पडतो. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही आपल्याकडील म्हण. तिचा उत्तरार्ध खोटा पाडण्याची माणसाची धडपड म्हणजेच कवळीचा इतिहास होय.

आपल्या प्राचीन वैद्यांचा भर दात राखण्यावर होता. सुश्रुतसंहितेत दातवण बारा अंगुळे लांब असावे असे सांगून कडुनिंब, खैर, करंज आणि मोह यांची शिफारस केली आहे. हालणारे दात बांधून ठेवण्याची विद्याही या देशात होती. तिची साक्ष एका रणभूमीवर मिळते. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत कनोजचा राजा जयचंद पडला. प्रेतांच्या राशीत त्याचा देह ओळखू येईना. तो ओळखला गेला दातांवरून, कारण मुळाशी खिळखिळे झालेले दात सोन्याच्या तारेने बांधलेले होते, असे अरब इतिहासकार इब्न अल-असीर याने लिहून ठेवले आहे. सोन्याची तार राजाच्या तोंडात होती. प्रजेच्या दातांची नोंद कोणी ठेवली नाही.

युरोपातही प्रारंभी हाच प्रकार दिसतो. इटलीतील एट्रुस्कन लोक अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्टीत दात बसवीत, तेही श्रीमंतांसाठी. पुढे हत्तीच्या आणि पाणघोड्याच्या दातांतून कवळ्या कोरल्या जाऊ लागल्या. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. या कवळ्या मुख्यतः दाखवायच्याच होत्या. लाळेने त्या कुजत आणि दुर्गंधी सुटे. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती अशी दंतकथा आहे. वस्तुतः त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे दात, माणसांचे दात, शिसे आणि स्प्रिंगा होत्या. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तर मृत सैनिकांचे दात काढून विकले गेले. ‘वॉटर्लूचे दात’ हे नावच पुढे बाजारात रूढ झाले. एकाच्या मरणावर दुसऱ्याचे जेवण, असा हा व्यापार होता.

या साऱ्या काळात मुख्य अडचण द्रव्याची नव्हती, मापाची होती. ही गोष्ट पनवेलकरांना वेगळी समजावून सांगायला नको. हे गाव गाडीच्या चाकांसाठी एके काळी नामांकित होते. आसपासच्या जिल्ह्यांतला आणि देशावरचा शेतकरी इथल्या चाकांच्या जोडीची आस धरी, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर सांगते. लोखंड कितीही उत्तम असो, चाकाचा घेर नीट मोजल्याशिवाय त्यावर धाव बसत नाही. जबड्याचेही तसेच आहे. १७५६ मध्ये बर्लिनच्या फिलिप फाफ याने मेणात तोंडाचा ठसा घेऊन त्यात प्लास्टरचा साचा ओतण्याची रीत लिहून प्रसिद्ध केली. रोग्याचा जबडाच जणू कारागिराच्या मेजावर आला.

आता त्या साच्यावर बेताबरहुकूम बसेल असे स्वस्त द्रव्य हवे होते. ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गंधक घालून कठीण केलेल्या रबराच्या रूपाने मिळाले. मऊ असताना साच्यात दाबावे, उष्णता द्यावी, की हुबेहूब आकार येई. त्यावर चिनी मातीचे दात बसवले की कवळी तयार. सामान्य माणसाला ती परवडू लागली. पण १८६४ मध्ये अमेरिकेत या कृतीचे पेटंट दिले गेले आणि ज्या कंपनीकडे ते आले, ती प्रत्येक दंतवैद्याकडून पैसे मागू लागली. जे देत नसत त्यांच्यावर फिर्यादी होत. अखेर १८७९ मध्ये कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला सॅन फ्रान्सिस्को येथे अशाच एका त्रासलेल्या दंतवैद्याने गोळी घातली. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि रबराची कवळी मोकळी झाली. १९३० नंतरच्या दशकात हिरडीच्या रंगाचे ॲक्रिलिक आले. आजच्या बहुसंख्य कवळ्या त्याच्याच आहेत.

आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. तरीही सामान्यांच्या वाट्याला पुष्कळदा फूटपाथवर दात मांडून बसणारेच येत. शहरांतून चिनी दंतवैद्यांच्याही पाट्या होत्या, त्यांपैकी पुष्कळांनी ही कला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून उचललेली होती. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी सक्तीची केली. आज पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतच कामोठे आणि खारघर येथे दंतमहाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी कवळ्या करतात आणि खर्च सहसा कमी येतो. राजाला लाभलेली सोय आता सामान्य माणसाच्या दाराशी आली आहे.

या इतिहासातून व्यवहाराचे सूत्र एवढेच निघते, की कवळी विकत घ्यायची नसते, बेतून घ्यायची असते. नोंदणी असलेल्या दंतवैद्याकडेच जावे. दात काढल्यावर हिरड्या भरून येण्यासाठी काही आठवडे, कधी काही महिने थांबावे लागते, तेथे घाई करू नये. ठसा, चावा आणि मेणातील नमुना पाहण्यासाठी तीन-चार खेपा पडतात. नमुना तोंडात असताना बोलून पाहावे, आरशात पाहावे, न पटल्यास तेव्हाच सांगावे. वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थराने धरून राहते. खालचीला तो आधार थोडा आणि जिभेचा धक्का फार, म्हणून ती सवय व्हायला वेळ घेते. पहिले काही दिवस मऊ भात, बारीक घास आणि दोन्ही बाजूंनी चावणे बरे. कोठे टोचले तर घरी कानशीने घासू नये, ते काम वैद्याचे.

निगा सोपी आहे, पण रोजची आहे. जेवणानंतर कवळी धुवावी. मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरतो. खाली पाण्याचे भांडे किंवा घडी केलेला पंचा ठेवावा, म्हणजे हातून सुटली तरी फुटणार नाही. राखुंडी, भरड दंतमंजन किंवा मशेरी तिला लावू नये, ओरखड्यांत घाण साचते. मशेरी तर दातांच्या माणसांनीही सोडावी हे उत्तम, कारण ती तंबाखूच आहे. उकळत्या पाण्याने कवळी वाकडी होते. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी, हिरड्यांना विसावा मिळतो आणि बुरशीचा त्रास टळतो. तोंडातील जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवावा.

आणखी एक गोष्ट. दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते, कवळी मात्र होती तशीच राहते. म्हणून काल बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते. अशा वेळी पुष्कळ वृद्ध ती फडताळात टाकून देतात आणि ‘आता आमचे काय राहिले’ म्हणून पुन्हा दूधभाकरीवर येतात. वास्तविक अशा कवळीला आतून नवा थर देता येतो, नाही तर दुसरी करता येते. चाक झिजले तर धाव पुन्हा बेतून बसवत, त्यासाठी कोणी गाडी मोडीत काढली नाही. घरच्या आजी-आजोबांच्या बाबतीतही आपण इतकेच करावे. फडताळातली ती कवळी एकदा बाहेर काढून, त्यांना बरोबर घेऊन, दंतवैद्याकडे जावे.