कैरवान
ट्युनिशियाच्या मध्यभागातील ऐतिहासिक शहर आणि मालिकी पंथाच्या धर्मशास्त्राचे जुने पीठ. ट्युनिसच्या दक्षिणेस सुमारे १५० किमी.वर, समुद्रापासून आत, कोरड्या मैदानात ते वसले आहे. उक्बा इब्न नाफी या अरब सेनापतीने ६७० मध्ये येथे लष्करी तळ उभारला. शहराला खरे वैभव आले ते अघ्लबी अमिरांच्या काळात (८००–९०९).

तमीम जमातीच्या इब्राहिम इब्न अल्-अघ्लबला खलिफा हारून अल्-रशीदने इफ्रिकिया (आजचा ट्युनिशिया व लगतचा प्रदेश) हा प्रांत वंशपरंपरेने दिला. बदल्यात सालिना ४०,००० दिनार बगदादला पाठवायचे ठरले. खलिफाचा मान राखून या घराण्याने कारभार स्वतंत्रपणे केला. अरब फौजेची बंडे मात्र त्याला सतत भोवली. अमीर शहराबाहेर, आधी अल्-अब्बासिया आणि ८७६ पासून रक्कादा येथे राहत. ८२७ मध्ये सिसिलीवर निघालेल्या मोहिमेने या अस्वस्थ फौजेला बाहेर वाट मिळाली. तिचे नेतृत्व कैरवानचे काझी असद इब्न अल्-फुरात यांच्याकडे होते. शहरात अमिरांपेक्षा शब्द चाले तो अशा धर्मशास्त्रज्ञांचा, त्यांत सहनून (मृ. ८५४) अग्रगण्य.

अमीर पहिल्या झियादतुल्लाहने ८३६ मध्ये थोरली मशीद नव्याने बांधली. तिचे बरेच खांब रोमन व बायझंटिन इमारतींतले आहेत. नक्षीदार फळ्यांचा तिचा मिंबर (प्रवचनपीठ) आज टिकून असलेल्या मिंबरांत सर्वांत जुना मानतात. तो सागवानी आहे. साग उत्तर आफ्रिकेत होत नाही, तेव्हा हे लाकूड आशियातून समुद्रमार्गे आलेले.

तरीही अघ्लबींचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे पाणी. नदी नसलेल्या या गावासाठी अमीर अबू इब्राहिम अहमदने ८६० च्या सुमारास शहराबाहेर जोडतलाव बांधले. पश्चिमेच्या टेकड्यांकडून आलेले पाणी आधी लहान तलावात शिरे, गाळ तळाशी बसे आणि निवळलेले पाणी भिंतीतल्या वाटेने मोठ्या तलावात जाई. मोठ्याचा व्यास सुमारे १२८ मी.; चिरेबंदी काठाला आतून-बाहेरून गोलसर आधारस्तंभ आहेत. राजवाडे मातीस मिळाले, तलाव उभे आहेत.

९०९ मध्ये शिया पंथाच्या फातिमींपुढे शेवटचा अमीर पूर्वेकडे पळाला. १०५७ मध्ये हिलाली या भटक्या अरब टोळ्यांनी शहर लुटले आणि त्याचे राजकीय महत्त्व संपले. युनेस्कोने १९८८ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. येथील हातविणीचे गालिचे आणि खजूर भरलेली रव्याची मकरूद ही मिठाई देशभर प्रसिद्ध आहेत.