अतिथी, यजमान आणि खोडदचा सहसंबंधक

एका यंत्राचे कार्य दुसऱ्या यंत्रावर केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने घडवून आणावयाचे, ही कल्पना संगणकशास्त्रात जुनीच आहे. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात सीपी-६७ ही प्रणाली सिद्ध झाली व १९७२ मध्ये तिची उत्तराधिकारी व्हीएम/३७० जाहीर झाली. एकाच प्रत्यक्ष संगणकावर, म्हणजे यजमानावर, अनेक आभासी संगणक अतिथी म्हणून नांदू शकतात, हे या प्रणालींनी सिद्ध केले. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेची तीन लक्षणे सांगितली: अतिथीचे वर्तन मूळ यंत्रासारखेच असावे, साधनसामग्रीवर यजमानाचे नियंत्रण असावे आणि कार्यक्षमता फारशी घटू नये.

यांतील पहिल्या व तिसऱ्या लक्षणांत व्यवहारतः विरोध उद्भवतो. आपण खऱ्या यंत्रावर आहोत अशा समजुतीत असलेला अतिथी चकती वा जालपत्रक हाताळू लागला की, यजमानास पदोपदी मध्ये पडावे लागते, आणि काम मंदावते. यावरील उपाय म्हणजे अतिथीस वस्तुस्थितीची जाणीव करून देणे. वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये वर्णिलेल्या ‘फुगा’ युक्तीत अतिथीच्या आत बसविलेला लहानसा चालक न लागणारी स्मृती गोळा करून यजमानास परत देतो. झेन (२००३) व व्हर्टआयओ (२००८) यांनी याच विचारास व्यापक रूप दिले. आज अतिथीत बसविल्या जाणाऱ्या साहाय्यक आज्ञावली याच परंपरेतील होत.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या इतिहासात याच तत्त्वाचे एक निराळे उदाहरण आढळते. तेथे रूढ अर्थाने आभासी यंत्र नव्हते. परंतु खास घडविलेल्या यंत्राचे कार्य सर्वसाधारण संगणकांवर वसविण्याचा प्रश्न मात्र तोच होता. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या ४३५ जोड्यांतील संकेतांची परस्परांशी तुलना करणारे यंत्र म्हणजे सहसंबंधक. प्रारंभी ते काम खास विद्युत्-मंडलांकडे होते.

रॉय, गुप्ता व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हेच कार्य बाजारात मिळणाऱ्या ४८ संगणकांच्या लिनक्स-समूहाकडे सोपविल्याचे वर्णन आहे. ही रचना ३२ तबकड्यांसाठी, दोन ध्रुवणांसाठी व ३३ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी होती. म्हणजे ६४ प्रवाह आणि दर सेकंदास चारशे कोटींहून अधिक नमुने. तेही क्षणभर न थांबता. केवळ गणिती सूत्र आज्ञावलीत उतरविल्याने हे साधले नसते. निकटस्मृतीचा काटकसरीने वापर, अनेक धाग्यांत वाटलेले काम, सदिश-आज्ञा आणि दुहेरी गिगाबिट जोडणी, अशा यजमानाच्या प्रत्येक गुणविशेषास अनुसरून गणनेची मांडणी झाली. काल व वारंवारता यांचे विभेदन बदलण्याची, तसेच उपद्रवी संकेत गाळण्याची मोकळीक हे त्याचे फळ होय.

तथापि या सलगीचे मूल्यही द्यावे लागते. झेनच्या मूळ पद्धतीत अतिथी-प्रणालीत आधी फेरफार करावे लागत. तो मूळ रूपात चालत नसे. खोडदलाही पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविताना पूर्वीचा समूह पुरेसा नव्हता. २०१७ मध्ये वर्णिलेल्या नव्या व्यवस्थेत क्षेत्र-संस्करणीय मंडले व चित्र-संस्कारक यांचा आधार घेतला गेला. अतिथी यजमानाशी जितका एकरूप होतो, तितका यजमान बदलताच त्यास नव्याने घडवावे लागते. म्हणून कोणत्याही प्रणालीच्या इतिहासलेखनात तिची गती नोंदविणे पुरेसे नाही. तिने यजमानाविषयी कोणती गृहीते धरली, हेही नोंदविले पाहिजे. यंत्रे बदलल्यानंतर पुढील पिढीस उपयोगी पडते ते हेच ज्ञान.